खसखशीएवढ्या खनिजाची परीक्षा

पुण्याजवळच्या वाघोली परिसरातील दगडखाणींनी खनिजशास्त्राला एक सुंदर देणगी दिली आहे. तेथील काळ्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत, पांढऱ्या स्टिल्बाइटच्या स्फटिकांवर निळ्याभोर रंगाचे छोटे छोटे गोंडे बसलेले सापडले. हे खनिज म्हणजे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांचे आरंभीचे तुकडे जोडून त्याचे नाव तयार केले आहे. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून झाले. परंतु जगभरच्या संग्रहांत मिरवणारे उत्तम नमुने मात्र वाघोलीचे आहेत.

आता समजा, एखाद्या शाळेच्या संग्रहात बेसाल्टचा एक जुना तुकडा आहे आणि त्याच्या खोबणीत चार-पाच निळे कण दिसत आहेत. प्रत्येक कण खसखशीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा. हा निळा रंग व्हॅनेडियमचा असेल का? की तांब्याचा? तांब्याची कित्येक खनिजेही निळी असतात. एक मिलिमीटर बाजूच्या घनाकृती कणाचे वजन अवघे सव्वादोन मिलिग्रॅम भरेल. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूला तर ते जाणवणारही नाही. एवढ्याशा कणातील मूलद्रव्ये ओळखायची कशी?

‘त्यात काय, एक्सआरएफ यंत्रात ठेवा, दोन मिनिटांत कळेल,’ असे उत्तर आज सहज मिळते. ते चूकही नाही. मात्र यंत्राच्या पडद्यावर उमटणारे आकडे हे नेहमी यंत्रापुढे जे ठेवले त्याचे असतात. आपल्याला ज्याच्याविषयी जाणून घ्यायचे आहे त्याचे असतीलच असे नाही. नमुना मूठभर असला तर या दोहोंतला फरक थोडा असतो. नमुना कणभर असला की तो फरकच सगळे उत्तर बिघडवू शकतो. म्हणून लहान नमुन्याच्या बाबतीत खरी परीक्षा यंत्र सुरू होण्याच्या आधीच, नमुना तयार करताना होते. ती कशी, हे आपण या निळ्या कणाच्याच उदाहरणाने पाहू.

अणूची ओळख कशी पटते?

एक्सआरएफ म्हणजे ‘एक्स-रे फ्लुओरेसन्स’. मराठीत त्याला क्ष-किरण प्रतिदीप्ती म्हणता येईल. क्ष-किरण नमुन्यावर पडला की तो एखाद्या अणूच्या सर्वांत आतल्या, म्हणजे के कवचातला इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतो. ती रिकामी जागा भरण्यासाठी बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन आत येतो. दोन कवचांच्या ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन एल कवचातून आला असेल तर त्या किरणाला के-आल्फा म्हणतात. त्याच्याही बाहेरच्या एम कवचातून आला असेल तर के-बीटा.

या किरणांची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरलेली असते. १९१३ मध्ये हेन्री मोझली या पंचविशीतल्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांचे असे किरण मोजले. अणुक्रमांक एकेकाने वाढतो तसे हे किरणही पायरीपायरीने सरकतात, असे त्याला आढळले. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचा नियम मात्र आज प्रत्येक एक्सआरएफ यंत्राच्या पोटात आहे.

हा नियम विद्यार्थ्यांना वर्गातच पडताळून पाहता येईल. मूलद्रव्याच्या अणुक्रमांकातून १ वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला १०.२ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे के-आल्फा किरणाची इलेक्ट्रॉनव्होल्टमधील अंदाजी ऊर्जा. व्हॅनेडियमचा अणुक्रमांक २३. म्हणजे २२ चा वर्ग ४८४, गुणिले १०.२ बरोबर सुमारे ४,९४०. प्रत्यक्ष मोजमाप ४,९५० च्या आसपास येते. तांब्याचा अणुक्रमांक २९. उत्तर सुमारे ८,०००, प्रत्यक्षात ८,०५०. इतके साधे सूत्र इतके जवळचे उत्तर देते.

व्हॅनेडियम आणि तांबे यांच्या किरणांत ३,००० इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे. तेव्हा ‘रंग तांब्याचा की व्हॅनेडियमचा’ हा प्रश्न यंत्राला अवघड जाऊ नये. अडचण तांब्याकडून येत नाही. ती येते कणाला चिकटलेल्या काळ्या दगडाकडून. तिच्याकडे जाण्याआधी आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे.

यंत्राला किती खोलवरचे दिसते?

सराफाच्या दुकानात ‘कॅरेट मीटर’ नावाची पेटी आपण पाहिली असेल. तीत दागिना ठेवला की काही क्षणांत सोन्याचे प्रमाण कळते. हे यंत्र एक्सआरएफचेच असते. पण सोन्याच्या अणूंतून निघालेले किरण सोन्यातूनच बाहेर यायचे असल्याने खोलवरचे किरण वाटेतच शोषले जातात. यंत्रापर्यंत पोहोचतात ते वरच्या दहा-वीस मायक्रोमीटरमधले किरण. (एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर.) म्हणून जाड मुलाम्याचा दागिना या यंत्राला फसवू शकतो, आणि म्हणूनच हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफच्या जोडीला थोडे सोने काढून अग्निपरीक्षाही केली जाते.

खनिजाचेही तसेच आहे, फक्त प्रत्येक मूलद्रव्यासाठी ही खोली वेगळी असते. किरणाची ऊर्जा जितकी कमी तितका तो लवकर शोषला जातो. कॅव्हन्साइटसारख्या खनिजात व्हॅनेडियमचे किरण साधारण ३० मायक्रोमीटरच्या प्रवासात एक-तृतीयांशावर येतात. सिलिकॉनच्या किरणाची ऊर्जा सुमारे १,७४० इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच असल्याने तो पाच मायक्रोमीटरमध्येच तितका क्षीण होतो. सोडियमचा किरण तर त्याहूनही दुबळा. याउलट स्ट्रॉन्शियमसारख्या जड मूलद्रव्याचे किरण सिलिकेट खनिजातून एक-दोन मिलिमीटर खोलीवरूनही बाहेर येऊ शकतात.

याचा अर्थ असा की एकाच कणाकडे पाहताना यंत्र सिलिकॉनची माहिती वरच्या पापुद्र्यातून घेते, व्हॅनेडियमची थोड्या खालच्या थरापर्यंतची घेते आणि जड मूलद्रव्यांची तर कण ओलांडून मागच्या आधारापर्यंतची घेते. कणावर दहा मायक्रोमीटर मातीचा लेप असेल, तर यंत्राने सांगितलेला सिलिकॉन बहुतांशी मातीचा असेल आणि व्हॅनेडियम मात्र कणाचा. दोन वेगळ्या वस्तूंचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जातील, आणि तक्ता पाहून कोणालाही शंका येणार नाही.

नमुना भरपूर असता तर

नमुना हवा तेवढा उपलब्ध असता तर काम सोपे असते. पाच-दहा ग्रॅम खनिज पिठासारखे बारीक दळायचे, त्यात सेल्युलोज किंवा मेणासारखा बांधक मिसळायचा आणि हायड्रॉलिक प्रेसमध्ये दहा-वीस टन भाराखाली त्याची चकती पाडायची. यापेक्षा काटेकोर रीत म्हणजे एक ग्रॅमच्या आसपास चूर्ण लिथियम बोरेटच्या अनेकपट भुकटीत मिसळून प्लॅटिनमच्या मुशीत १,००० अंश सेल्सियसच्या वर वितळवायचे आणि त्याची काचेसारखी चकती ओतायची. वितळल्यावर कणांचा आकार, त्यांची मांडणी, मूळ खनिज कोणते होते, हे सारे पुसले जाते आणि एकजीव काच उरते.

आपल्याजवळ आहेत दहा मिलिग्रॅम. म्हणजे पाच ग्रॅमचा पाचशेवा भाग. शिवाय एकदा दळलेला किंवा वितळवलेला स्फटिक परत मिळत नाही. त्यामुळे लहान नमुन्याचा पहिला नियम असा: ज्या तपासणीत नमुना मोडत नाही ती आधी, ज्या तपासणीत मोडतो ती नंतर, आणि शक्य असेल तर एक कण कायमचा राखून ठेवायचा.

वेचणे आणि धुणे

निळे कण दगडापासून सुटे करणे हे पहिले काम. ते दहा ते चाळीस पट मोठे दाखवणाऱ्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली करतात. कण चिमट्यात दाबून ओढण्यापेक्षा, बांबूच्या काडीचे टोक अल्कोहोलने ओले करून त्याने टिपणे चांगले. कॅव्हन्साइट मऊ आहे. कठिणतेच्या मोह मापावर तीन ते चार. पोलादी सुई त्याला सहज ओरखडा पाडते, आणि जोर लावताना ती दगडावर घासली तर स्वतःचेही अंश सोडते.

येथे एक मजेदार धोका आहे. सायकल किंवा मोटार दुरुस्तीच्या पान्यावर पुष्कळदा ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते. त्या पोलादात मजबुतीसाठी हीच दोन मूलद्रव्ये घातलेली असतात. अशा हत्याराने कण खरवडून काढला आणि मग त्यात व्हॅनेडियम सापडले, तर ते कोणाचे म्हणायचे?

सुट्या केलेल्या कणांना चिकटलेला बेसाल्टचा चुरा धुऊन काढावा लागतो. छोट्या कुपीत ऊर्ध्वपातित पाणी किंवा अल्कोहोल घेऊन ती अल्ट्रासॉनिक पात्रात थोडा वेळ ठेवली की चुरा सुटतो. हे एका दमात न करता दर खेपेस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करावे, नाहीतर नाजूक स्फटिकच फुटतात. आम्लाचा मोह टाळावा. सोबतचे कॅल्साइट आम्लात विरघळते हे खरे, पण आपल्या खनिजातूनही कॅल्शियम निघून जाऊ शकते. वाळवण्यासाठी ओव्हनही नको. कॅव्हन्साइटच्या घडणीत पाणी आहे आणि तापवल्यावर ते जाऊ लागते. खोलीच्या तापमानाला, झाकून वाळवणे पुरेसे असते.

आणि वाळलेले कण ठेवायचे कशात? आपला हात आपोआप कागदाच्या पुडीकडे जातो. पांढऱ्या कागदात भरण म्हणून बहुधा कॅल्शियम कार्बोनेट किंवा चिनी माती असते, काही कागदांत शुभ्रतेसाठी टायटॅनियम डायऑक्साइडही. कण उभा करायला मुलांची खेळण्याची माती वापरतात, तिच्यातही बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असते. आपण शोधत आहोत कॅल्शियम, सिलिकॉन आणि व्हॅनेडियम. तेव्हा पुडीपेक्षा स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकची कुपी बरी.

कण न मोडता पहिली तपासणी

तपासणीसाठी प्लॅस्टिकच्या एका कड्यावर अतिशय पातळ फिल्म ताणून बसवतात आणि तिच्यावर कण ठेवतात. यंत्र बहुधा खालून पाहते, म्हणून किरणांना फिल्ममधून दोनदा जावे लागते. सहा मायक्रोमीटर जाडीची मायलर फिल्म सिलिकॉनचे सुमारे ६० टक्के किरण बाहेर जाऊ देते, पण सोडियमचे जेमतेम दहावा भाग. चार मायक्रोमीटरची पॉलिप्रॉपिलीन फिल्म सोडियमचेही निम्म्याच्या आसपास किरण सोडते. नमुना आणि शोधक यांच्यामधली हवाही अडथळाच असते. एक सेंटिमीटर हवेतून सिलिकॉनचे निम्म्याहून कमी किरण पार होतात. म्हणून हलक्या मूलद्रव्यांसाठी यंत्रात निर्वात जागा करतात किंवा हेलियम वायू भरतात. निर्वात जागेत सुटे कण उडू शकतात हे ध्यानात घेऊन ते आधी दोन फिल्मच्या मध्ये दाबून बसवायचे.

साध्या यंत्रातल्या किरणांच्या झोताचा व्यास ३० मिलिमीटरपर्यंत असू शकतो. म्हणजे सुमारे ७०० चौरस मिलिमीटर क्षेत्र. आपला कण व्यापतो एक चौरस मिलिमीटर. उरलेले ६९९ भाग किरण फिल्मवर, कड्यावर आणि पेटीच्या भिंतींवर पडून विखुरतात आणि त्या गोंगाटात कणाचा आवाज ऐकायचा असतो. उपाय दोन. एक म्हणजे झोताच्या वाटेत बारीक भोकाची चकती ठेवून तो अरुंद करायचा. दुसरा म्हणजे सूक्ष्म-एक्सआरएफ यंत्र वापरायचे. त्यात काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या जुडग्यातून किरण नेऊन २०-३० मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर एकवटतात. अशा यंत्रात कणाच्या वेगवेगळ्या जागा तपासून त्या सारख्या आहेत का हेही पाहता येते.

काहीही केले तरी आम्ही एक मोजणी कधी चुकवत नाही: कण ठेवण्याआधी रिकाम्या फिल्मची, त्याच कड्यासह, तितकाच वेळ केलेली मोजणी. तिच्यात जे दिसते ते कणाचे नव्हे. कणाची मोजणी करून झाल्यावर तो थोडा फिरवून पुन्हा मोजायचा, ही दुसरी सवय. स्फटिकातील अणूंच्या समांतर थरांवरून ठराविक कोनात क्ष-किरण परावर्तित होतात आणि आलेखावर एखादे खोटे शिखर उभे करतात. कण फिरवल्यावर जे शिखर सरकते किंवा नाहीसे होते ते मूलद्रव्याचे नसते. मूलद्रव्याचे शिखर आपली जागा सोडत नाही.

आता त्या राहिलेल्या अडचणीकडे येऊ. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण साधारणपणे दोन-तीन टक्के असते. टायटॅनियमचे के-आल्फा किरण ४,५१० इलेक्ट्रॉनव्होल्टचे. ते वेगळे दिसतात. पण त्याचे के-बीटा किरण ४,९३२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे, आणि व्हॅनेडियमचे के-आल्फा ४,९५२ चे. दोघांत अंतर अवघे २० इलेक्ट्रॉनव्होल्ट. नेहमीच्या सिलिकॉन शोधकाला या भागात १२०-१३० इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जवळची शिखरे वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे बेसाल्टचा चुरा चिकटलेल्या कोणत्याही निळ्या खनिजात यंत्र ‘व्हॅनेडियम’ दाखवू शकते. पुढे व्हॅनेडियमच्या के-बीटाकडे पाहून खात्री करावी म्हटले, तर तेथे क्रोमियमचे के-आल्फा येऊन बसलेले असतात.

यातून मार्ग काय? टायटॅनियमचे के-बीटा शिखर त्याच्या के-आल्फाच्या साधारण सातव्या-आठव्या भागाएवढे असते. तेव्हा ४,५१० वर शिखर किती उंच आहे ते पाहायचे. ते जवळजवळ नसेल आणि ४,९५० वर मात्र ठळक शिखर असेल, तर व्हॅनेडियम खरे. दोन्ही शिखरे असतील तर हिशेब करावा लागतो. सोबत लोहाचेही शिखर दिसले, तर कणाला बेसाल्ट चिकटलेला आहे असे समजून पुन्हा धुण्याकडे वळलेले बरे. यंत्राचे सॉफ्टवेअर हा हिशेब आपोआप करते, पण तो नीट करते का हे पाहण्यासाठी आम्ही ज्ञात नमुना वापरतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या हवाईतील प्रमाण बेसाल्टमध्ये सुमारे २.७ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड आणि दशलक्षात सुमारे ३१७ भाग व्हॅनेडियम आहे. यंत्राने त्यात याहून कितीतरी जास्त व्हॅनेडियम दाखवले, तर आपल्या निळ्या कणाविषयीही त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

चूर्ण करायचे झाले तर

कोणते मूलद्रव्य आहे, एवढेच विचारायचे असेल तर येथे थांबता येते. किती आहे हे विचारायचे असेल तर खडबडीत, वाकड्यातिकड्या कणावरून नेमके उत्तर मिळत नाही. मग दोन-तीन कणांचा बळी द्यावा लागतो.

चूर्ण कशासाठी करायचे, याचे गणित सोपे आहे. पाच मिलिग्रॅममध्ये एक मिलिमीटरचे दोनच कण मावतात. तेच ५० मायक्रोमीटरपर्यंत बारीक केले तर सुमारे १८,००० कण होतात. एखादा कण वेगळ्या जातीचा असला तरी मग तो बाकीच्यांत मिसळून जातो आणि झोताखाली येणारा थर सगळ्यांचे प्रतिनिधित्व करतो. सिलिकॉनसाठी तर याहूनही बारीक चूर्ण हवे, कारण त्याचे किरण येतात ते पाच-दहा मायक्रोमीटरच्या थरातून. मात्र मुळात वेचतानाच आपण फक्त सुंदर निळे कण निवडले असतील, तर दळण कितीही बारीक केले तरी ती निवड दुरुस्त होत नाही.

खल कशाचा असावा? पोलादाचा खल लोह आणि क्रोमियम देतो. टंग्स्टन कार्बाइडचा खल टंग्स्टन आणि बहुधा कोबाल्ट देतो. अकीकाचा खल सगळ्यांत सोयीचा. अकीक म्हणजे सिलिकाच. तेव्हा तो थोडे सिलिकॉन देऊ शकतो, पण कॅव्हन्साइटपेक्षा पुष्कळ कठीण असल्याने त्याची झीज फार कमी होते. खलात अल्कोहोलचे चार थेंब टाकून वाटले म्हणजे चूर्ण उडत नाही. पाच मिलिग्रॅममधले एक मिलिग्रॅम खलाच्या खड्ड्यातच चिकटून राहते, म्हणून शेवटी आणखी दोन थेंबांनी खल विसळून घ्यायचा. आधीच्या नमुन्याचे अवशेष जावेत यासाठी शुद्ध क्वार्ट्‌झची वाळू वाटून खल स्वच्छ करण्याची पद्धत आहे. सिलिकायुक्त बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. सुके चूर्ण हाताळताना मास्क हवाच, आणि अल्कोहोलजवळ ज्योत नको.

या चूर्णाचे पुढे तीन प्रकारे काही करता येते.

पहिला प्रकार पातळ थराचा. अल्कोहोलमधले चूर्ण ड्रॉपरने फिल्मवर सोडून वाळू द्यायचे. थर दोन-तीन मायक्रोमीटरचा असला तर व्हॅनेडियमचे किरण त्यात दहा टक्क्यांपेक्षा कमी शोषले जातात आणि शिखराची उंची जवळजवळ मूलद्रव्याच्या वजनाच्या प्रमाणात येते. सिलिकॉनसाठी मात्र एवढा थरही ‘पातळ’ ठरत नाही. त्याला दुरुस्ती करावीच लागते.

दुसरा प्रकार छोट्या चकतीचा. यासाठी शंभर-दोनशे मिलिग्रॅम चूर्ण लागते. बोरिक आम्लाच्या भुकटीचा जाड पाट करून त्याच्यावर मधोमध आपले चूर्ण पसरायचे आणि दाबायचे. एक सेंटिमीटर व्यासाच्या जागेत २०० मिलिग्रॅम चूर्णाचा थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास होतो. व्हॅनेडियमच्या दृष्टीने हा थर अनंत जाड म्हणावा असाच. बोरॉन आणि ऑक्सिजन यांचे किरण यंत्राला दिसत नाहीत, म्हणून पाट बोरिक आम्लाचा.

तिसरा प्रकार संपूर्ण परावर्तनाचा. चूर्ण साबणासारख्या द्रवाच्या विरल द्रावणात ढवळून, त्यात ज्ञात प्रमाणात गॅलियम मिसळून, त्याचा एक थेंब आरशासारख्या चकतीवर वाळवतात. किरण चकतीला जवळजवळ घासून जातात, त्यामुळे चकतीचा गोंगाट जवळपास नाहीसा होतो. मिलिग्रॅमहून कमी नमुनाही पुरतो. पण नेहमीची चकती क्वार्ट्‌झची असते, म्हणजे तीत सिलिकॉन असते. सिलिकॉन मोजायचे तर ॲक्रिलिकची चकती हवी.

येथे वजनाकडेही लक्ष द्यायला हवे. एक-दशांश मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर पाच मिलिग्रॅम चूर्ण तोलले, तर तोलण्यातच दोन टक्क्यांची अनिश्चितता येते. त्यानंतर यंत्राने दशांश चिन्हापुढे तीन अंक दिले, म्हणून उत्तर तेवढे अचूक होत नाही.

टक्क्यांचा हिशेब

समजा, सर्व काळजी घेतली आणि यंत्राने तक्ता दिला: सिलिका ६३.३ टक्के, व्हॅनेडियम डायऑक्साइड २१.९ टक्के, कॅल्शियम ऑक्साइड १४.८ टक्के. बेरीज बरोबर १००. मग पुस्तकात पाहावे तर कॅव्हन्साइटमध्ये सिलिका ५३.२, व्हॅनेडियम डायऑक्साइड १८.४ आणि कॅल्शियम ऑक्साइड १२.४ टक्के. म्हणजे हे खनिज कॅव्हन्साइट नव्हे?

पुस्तकातल्या तीन आकड्यांची बेरीज ८४ येते. उरलेले १६ टक्के पाणी. हायड्रोजन एक्सआरएफला दिसत नाही. लिथियम, बेरिलियम, बोरॉन हेही सर्वसाधारण यंत्राला दिसत नाहीत. जे दिसले तेवढेच सगळे आहे असे मानून यंत्राने बेरीज १०० करून टाकली. ५३.२ ला ८४ ने भागून १०० ने गुणले, की ६३.३ च येतात. विद्यार्थ्यांनी उरलेले दोन आकडेही करून पाहावेत.

अशा वेळी टक्क्यांपेक्षा अणूंचे गुणोत्तर पाहणे शहाणपणाचे. प्रत्येक ऑक्साइडच्या टक्क्याला त्याच्या रेणुभाराने भागायचे: सिलिकासाठी ६०.१, व्हॅनेडियम डायऑक्साइडसाठी ८२.९, कॅल्शियम ऑक्साइडसाठी ५६.१. उत्तरे येतात १.०५, ०.२६ आणि ०.२६. म्हणजे चार सिलिकॉनमागे एक व्हॅनेडियम आणि एक कॅल्शियम. कॅव्हन्साइटचे गुणोत्तर हेच आहे, आणि न दिसलेल्या पाण्याने ते बदलत नाही.

तरीही एक पायरी उरते. पेंटागोनाइट नावाचे दुसरे निळे खनिज आहे. त्याचे वर्णनही १९७३ मध्ये कॅव्हन्साइटबरोबरच झाले. त्याचे रासायनिक सूत्र कॅव्हन्साइटसारखेच. फरक फक्त अणूंच्या मांडणीत. एक्सआरएफ अणू मोजते, त्यांची मांडणी पाहत नाही. त्यामुळे नमुना कितीही नीट तयार केला तरी या दोघांत भेद करणे त्याला शक्य नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाची तपासणी करावी लागते. राखून ठेवलेला तो एक कण येथे कामी येतो.

शाळेत काय करता येईल?

एक्सआरएफ यंत्र शाळेत नसते आणि असूही नये. क्ष-किरणांची यंत्रे, हातात धरायची सुद्धा, प्रशिक्षित माणसानेच वापरायची असतात. पण नमुन्याचा विचार शिकवायला यंत्र लागत नाही. एका भांड्यात ९०० पांढरे आणि १०० काळे वाल किंवा मणी मिसळा. प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता २० दाणे काढून काळे मोजावेत आणि दाणे परत टाकावेत. उत्तर दोन यायला हवे, पण कोणाला शून्य मिळेल, कोणाला पाच. मग सगळ्या वर्गाच्या उत्तरांची बेरीज करा. २५ विद्यार्थ्यांनी मिळून ५०० दाणे काढले असतील तर काळे बहुधा ३७ ते ६३ च्या दरम्यान येतील. दोन मोठ्या कणांवर विसंबणे आणि १८,००० बारीक कणांवर विसंबणे यातला फरक मुलांच्या हाताला कळेल.

आणि कधी एखाद्या प्रयोगशाळेकडून खनिजाचा, मातीचा किंवा जुन्या नाण्याचा एक्सआरएफ अहवाल हाती आला, तर आकड्यांच्या आधी काही प्रश्न विचारावेत. कण कोणी आणि कसा वेचला? धुतला का, कशाने? कशावर ठेवला आणि त्या रिकाम्या आधाराची मोजणी केली का? बेरीज आपोआप १०० आली की केली? एकमेकांवर पडणाऱ्या शिखरांचा हिशेब कसा केला? ज्ञात नमुना त्याच रीतीने तपासला का? या प्रश्नांची उत्तरे अहवालात असतील, तर त्यातील आकड्यांवर विश्वास ठेवायला आधार आहे. नसतील, तर चार दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडाही तो कण निळा का, हे सांगायला पुरा पडणार नाही.